सत्तेचाळीसपुढचे पान

कॅनडाच्या १९४७ सालच्या नाण्यांचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारावर नुसते साल आहे. दुसऱ्यावर सालाच्या शेवटच्या आकड्यापुढे मेपलचे एक पान आहे, मोहरीच्या दाण्याएवढेसुद्धा नसेल. एक सेंटपासून एक डॉलरपर्यंत प्रत्येक किमतीच्या नाण्यात हे दोन प्रकार सापडतात. नुसते साल असलेली नाणी १९४७ मध्येच पाडलेली आहेत. पानाची नाणी १९४८ मध्ये पाडली गेली, तरी त्यांच्यावर साल आहे १९४७. असे का करावे लागले, याचे कारण ओटावाच्या टांकसाळीत शोधून सापडत नाही. ते दिल्लीत आहे, १५ ऑगस्टला.

या पानापर्यंत मी जरा लांबच्या वाटेने जाणार आहे. नाणेशास्त्राची कुठलीही पदवी माझ्यापाशी नाही. शिवराया आणि राणीछाप रुपये भिंगाखाली धरून जे शिकलो तेवढेच भांडवल. पण शिवराई हाताळणाऱ्याला एक सवय लागते. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' एवढाच मजकूर, पण ह्रस्वदीर्घ बदलतात, 'श'चा 'स' होतो, अक्षरांचे वळण बदलते. नाणे कुणाचे हा प्रश्न पहिल्या मिनिटात सुटतो. ते कोणत्या ठशातून निघाले हा प्रश्न वर्षानुवर्षे पुरतो. हीच सवय घेऊन कॅनडाच्या नाण्यांकडे वळलो तेव्हा लक्षात आले, की यंत्रावर, कडक सरकारी देखरेखीखाली पाडलेल्या नाण्यांतही कारागिराचा हात लपत नाही. शिवाय, नाण्यावर छापलेले साल ही विश्वास ठेवण्याजोगी गोष्ट नाही, हेही तिथेच पक्के झाले.

आधी नाणे कसे पडते ते थोडक्यात. कोरक्याने केलेल्या मूळ कामावरून पोलादाचा एक पंच तयार होतो. त्यावर राणीचे डोके, पानांची वेल, अक्षरे सगळे उठावात असते. हा पंच मऊ पोलादाच्या ठोकळ्यात दाबला की त्यात खोलगट प्रतिमा उमटते. त्या ठोकळ्याला पाणी देऊन कडक केले की तो झाला डाय. आपल्या कारखान्यांतही हाच शब्द आहे, म्हणून मी तोच वापरतो. असे दोन डाय, एक पुढच्या बाजूचा, एक मागच्या, मधे धातूची चकती, वरून दाब. डाय हजारो नाणी पाडतो, झिजतो, तडकतो आणि भंगारात जातो. मग त्याच पंचावरून दुसरा डाय.

सगळे डाय एकाच पंचातून निघाले तर सगळी नाणी एकसारखी असायला हवीत. पण एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या टांकसाळीत काही काम मुद्दाम हातासाठी राखून ठेवलेले असे. सालाचा शेवटचा आकडा, कधी शेवटचे दोन, पंचावर कोरत नसत. दरवर्षी नवा पंच करावा लागू नये म्हणून ती जागा मोकळी ठेवत आणि प्रत्येक डायमध्ये तो आकडा सुट्या पंचाने, हातोडीच्या ठोक्याने बसवत. एखादे अक्षर पंचावरच तुटके झाले असेल तर तेही डायमध्ये पुन्हा ठोकून दुरुस्त करत. ठोका किंचित तिरपा पडला, दोनदा पडला, आकड्यांच्या पेटीतून दुसऱ्याच मापाचा पंच हाती आला, की तो डाय त्याच्या भावंडांहून वेगळा झाला. आणि त्यातून पडलेले प्रत्येक नाणे तो वेगळेपणा घेऊन बाहेर पडले.

यातून ओळखीचा पहिला नियम निघतो. डायमध्ये जे खोल, ते नाण्यावर उठून दिसते. नाण्यावर उठलेली बारीक रेघ दिसली तर डाय तडकला होता असे समजावे. नाण्यात खोल गेलेली रेघ दिसली तर तो बहुधा नंतरचा ओरखडा. कुणाच्या तरी किल्ल्यांच्या जुडग्याचा इतिहास. हा एक नियम पाठ असला तरी बाजारात 'दुर्मिळ' म्हणून पुढे केल्या जाणाऱ्या निम्म्या वस्तूंकडे पाठ फिरवता येते.

आता १८५८. त्या वेळी कॅनडा प्रांत म्हणजे आजच्या ओन्टारियो आणि क्वेबेक यांचा दक्षिणेकडचा भाग. या प्रांताने पौंड-शिलिंगचा हिशेब सोडून दशमान डॉलर-सेंट स्वीकारले. (आपल्याकडे नवा पैसा आला १९५७ साली, तब्बल ९९ वर्षांनी.) नाणी लंडनच्या टांकसाळीतून मागवली : चांदीची ५, १० आणि २० सेंटची, आणि ब्राँझचा एक सेंट. सेंटची रचना लिओनार्ड चार्ल्स वायनची. एका बाजूला कोवळ्या वयाची, डोक्यावर पानांची जाळी गुंफलेली व्हिक्टोरिया. दुसऱ्या बाजूला सोळा मेपल पानांची वेल. नाण्याचा व्यास बरोबर एक इंच आणि शंभर सेंटचे वजन एक पौंड, म्हणजे वाण्याला वजनमाप म्हणूनही वापरता यावे. प्रांताने मागवले एक कोटी सेंट. लोकसंख्येच्या आणि लोकांच्या आवडीच्या मानाने ते फार झाले. लोकांना बँकांच्या जाड तांब्याच्या टोकनांची सवय होती. हा नवा सेंट त्यांना हलका, पोरकट वाटला. पेट्या पडून राहिल्या, सूट देऊन खपवाव्या लागल्या, आणि पुढचा सेंट पाडायची गरज पडली थेट १८७६ मध्ये.

त्या एक कोटींपैकी १८५८ साल असलेले सेंट फक्त ४ लाख २१ हजार. उरलेल्या ९५ लाख ७९ हजारांवर १८५९. मागणी एकच, नाणे एकच, मधे फक्त वर्ष उलटले. आणि या उलटण्याची खूण १८५९च्या काही सेंटांवर स्पष्ट राहून गेली आहे.

नाण्यांवरचे आकडे इंग्रजी वळणाचे आहेत हे वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे. इंग्रजी आठ म्हणजे एकावर एक दोन वाटोळी. नऊ म्हणजे वर एक वाटोळे आणि खाली शेपटी. आठचा नऊ करायचा तर वरचे वाटोळे झाकून जाते, पण खालच्या वाटोळ्याची डावी बाजू शेपटीच्या बाहेर उरतेच. १८५९च्या काही सेंटांवर नऊच्या डाव्या अंगाला, खाली, हा उरलेला कमानीचा तुकडा दिसतो. १८५८ साठी केलेले डाय वापरायचे राहिले होते. पोलाद आणि मजुरी फुकट घालवायची नाही म्हणून त्या आठवरच नऊचा पंच ठोकला. लंडनच्या राजमान्य टांकसाळीनेही शिल्लक माल असा मार्गी लावला, हे मला मोठे दिलासादायक वाटते.

हे नाणे ओळखायचे कसे? नवखा माणूस नऊच्या खाली आठ शोधत बसतो आणि झिजलेल्या नाण्यावर डोळे शिणवतो. अनुभवी माणूस आधी नऊची रुंदी पाहतो. १८५९च्या बहुसंख्य सेंटांवर अरुंद, चिमटल्यासारखा नऊ आहे. जुन्या आठवर ठोकलेला नऊ रुंद, ऐसपैस आहे. तो वेगळ्याच पंचाचा. रुंद नऊ दिसला की मग भिंग घ्यावे आणि आठचा अवशेष शोधावा. म्हणजे दृष्टी आधी मोठ्या फरकावर आणि मग बारीक फरकावर. अरुंद नऊमध्येही दोनदा ठोकलेल्या नऊचे दोन प्रकार सूचींत नोंदलेले आहेत; पहिला ठोका जरा सरकला आणि कारागिराने दुसऱ्याने तो झाकला.

१८५८च्या १० सेंटमध्ये याहून गमतीची गोष्ट आहे. काही नाण्यांवर शेवटच्या आठच्या खाली पाच दिसतो. १८५५ साली या चलनाचा जन्मही झालेला नव्हता, तेव्हा इथे जुना डाय वापरल्याचा प्रश्नच येत नाही. हात पेटीत गेला, पाचचा पंच वर आला, ठोका पडला. मग लक्षात आले आणि त्यावर आठ ठोकला. एका माणसाच्या एका क्षणाची ही नोंद. टांकसाळीच्या अहवालात तिला जागा नाही. तिथे फक्त पेट्या आणि रकमा आहेत. नाण्यांचा अभ्यास म्हणजे श्रीमंतांचा चाळा असे म्हणणाऱ्यांना मी ही दोन नाणी दाखवतो. ज्याचे नाव कुठल्याही कागदावर नाही अशा कामगाराच्या हाताची हालचाल इतक्या अचूकपणे दाखवणारी साधने इतिहासात फार थोडी आहेत.

कोरक्यांची नावे मात्र उरली. १८७० मध्ये, संघराज्य झाल्यानंतर, कॅनडाची चांदीची ५० सेंटची नाणी आली. त्यांतल्या काहींवर राणीच्या गळ्याच्या कापलेल्या कडेवर एल. सी. डब्ल्यू. ही वायनची आद्याक्षरे आहेत आणि काहींवर नाहीत. नसलेली कमी मिळतात. आपल्याकडच्या १८४०च्या रुपयावर राणीच्या गळ्याखाली डब्ल्यू. डब्ल्यू. ही अक्षरे ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे ओळखीचे वाटेल. तो विल्यम वायन, लिओनार्डचा बाप. बापाची सही आपल्या आजोबांच्या गाठोड्यात आणि मुलाची माँट्रियलच्या गल्ल्यात.

लंडनच्या टांकसाळीला काम झेपेना तेव्हा कॅनडाची नाणी बर्मिंगहॅमच्या राल्फ हीटन यांच्या खासगी टांकसाळीतून पाडून घेतली जात. त्यांवर 'एच' हे बारीक अक्षर असते. तेथील १८७२च्या ५० सेंटमध्ये एक चमत्कारिक प्रकार आहे : 'व्हिक्टोरिया'चा पहिला 'व्ही' म्हणजे उलटा ठोकलेला 'ए' आहे. व्हीचा पंच हाताशी नसेल, किंवा अक्षरे घाईत चाचपली असतील. झालेला व्ही लांबून ठीक दिसतो, पण त्याच्या दोन पायांमधली आडवी दांडी लपत नाही. व्हिक्टोरियाच्या साम्राज्यात तिच्याच नावाचे पहिले अक्षर उलटे!

अशा भेदांची यादी लांबवता येईल. १८८६च्या १० सेंटवर सहा तीन वळणांचा. १८९३च्या १० सेंटवर तीन सपाट माथ्याचा की गोल माथ्याचा, यावर किमतीत जमीनअस्मानाचा फरक, कारण गोल माथ्याचा क्वचितच मिळतो. १९०२च्या ५ सेंटवर 'एच' मोठा की लहान. १८९१चा एक सेंट मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. त्यात साल मोठ्या आकड्यांत आणि पाने मोठी. साल मोठे पण पाने लहान. आणि साल लहान, पानेही लहान, असे तीन प्रकार आहेत. इथे फरक एका हातोडीच्या ठोक्याचा राहत नाही. पानांचा पंचच नव्याने केला गेला, आणि जुन्यानव्याच्या सांध्यावर मोठे आकडे काही काळ छोट्या पानांसोबत नांदले. अशी सरमिसळ झालेले नाणे संक्रमणाचे नाणे. सेंट हातात आला की आधी एकूण वेलीकडे पाहावे. लहान पानांच्या वेलीभोवती मोकळी जागा अधिक दिसते. मग साल. दोन्ही उत्तरे मिळाल्याशिवाय निकाल देऊ नये.

भिंगाबद्दल थोडे. दहापट भिंग पुरते. त्याहून मोठे घेतले की माणूस नाणे सोडून धूळ पाहू लागतो. दिवा एका बाजूने, तिरपा, आणि नाणे बोटांत सावकाश फिरवत राहावे, म्हणजे उठावांच्या सावल्या सरकतात आणि खोटी रेघ जागच्या जागी विरते. दुहेरी दिसणाऱ्या अक्षरांपाशी सर्वांत जास्त फसवणूक होते. डायमध्ये खरोखर दोनदा ठोका पडला असेल तर दुसऱ्या प्रतिमेला स्वतःची गोलाई असते, अक्षराच्या टोकाला खाच दिसते, आणि त्याच डायच्या प्रत्येक नाण्यावर ती तशीच असते. पण नाणे पडताना डाय नुसता सैल हलला असेल तर अक्षराच्या कडेला एक सपाट, पायरीसारखी झळक उरते. ही पायरी अक्षराचाच भाग खरवडून झालेली असते. तो डायचा भेद नाही, एका झटक्याचा अपघात आहे आणि त्याला मोल नाही. म्हणून दोन नाण्यांवर तोच भेद, त्याच जागी दिसल्याशिवाय मी वहीत नोंद करत नाही.

या सगळ्याला शिस्त आली ती सूचींमुळे. जेम्स चार्ल्टन यांची सूची १९५२ मध्ये निघाली आणि पुढे कॅनडाच्या नाण्यांचे पंचांग बनली. साठच्या दशकात हान्स झोएल यांनी बारीकसारीक भेदांची मोठी गणना केली. त्यांत डायवरच्या तडा आणि भरून गेलेली अक्षरेही आली. माझे मत विचाराल तर प्रत्येक तडेला क्रमांक देण्यात अर्थ नाही. जिथे भेदामागे कारण सापडते, निदान सापडण्याची आशा असते, तिथे थांबावे. जेम्स हॅक्स्बी यांनी व्हिक्टोरियाच्या बदलत्या चेहऱ्यांची विभागणी केली ती मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. हनुवटी जड झाली, गाल बदलले, म्हणजे नवा पंच आला. तो कधी आणि कोणत्या डायसोबत आला, हे नाण्यावरून सांगता येते.

२ जानेवारी १९०८ रोजी ओटावात टांकसाळ सुरू झाली, गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे यांच्या हस्ते. पण ती लंडनची शाखा होती. १९३१ मध्ये तिला कॅनडाची स्वतंत्र टांकसाळ म्हणून दर्जा मिळाला, तरी राजाचा चेहरा आणि त्याभोवतीचा मजकूर ज्यावर कोरलेला ती मूळ साधने लंडनहूनच येत राहिली. चकत्या ओटावाच्या, यंत्रे ओटावाची, कामगार ओटावाचे. राजा मात्र जहाजाने येणार. पुढच्या दोन्ही गोष्टींची किल्ली इथे आहे.

त्याआधी त्या मजकुराकडे पाहू. व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली तरी कॅनडाच्या नाण्यांवर तिचा तो किताब कधी आला नाही. सातव्या एडवर्डच्या नाण्यांवर नुसते 'सम्राट' आले. पाचव्या जॉर्जच्या १९११च्या नाण्यांवर प्रथमच 'इंड: इम्प:', म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट, अशी लॅटिन अक्षरे आली, आणि त्याच नाण्यांवरून 'देवाच्या कृपेने' हे शब्द गळले. कॅनडात गदारोळ झाला. लोकांनी त्यांना देव नसलेली नाणी म्हटले, आणि १९१२ पासून देवाची कृपा परत आली. पण त्या एका वर्षात कॅनडाचा राजा देवाविना राज्य करत होता आणि हिंदुस्थान मात्र मुठीत होता! त्याच वर्षी, त्याच राजाच्या, त्याच बर्ट्रम मॅकेनलने कोरलेल्या रुपयावरून आपल्याकडेही ओरड झाली होती. राजाच्या पदकावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि १९१२ साली हत्तीची सोंड नीट करावी लागली. एका डायवरच्या तिळाएवढ्या चित्राने सरकारला माघार घ्यायला लावली.

आता १९३६. जानेवारीत पाचवा जॉर्ज वारला, आठवा एडवर्ड आला आणि डिसेंबरात गादी सोडून गेला. एडवर्डसाठी चाललेली तयारी वाया गेली, आणि सहाव्या जॉर्जची साधने लंडनहून यायला वेळ लागणार हे उघड झाले. १९३७ उजाडले, बाजारात सुट्या नाण्यांची मागणी आली आणि ओटावापाशी मेलेल्या राजाचे, १९३६ सालचेच डाय होते. तेव्हा त्यांनी सालाच्या बाजूला, तळाशी, एक बारीक ठिपका घातला आणि १, १० व २५ सेंटची नाणी पाडली. ठिपका म्हणजे कबुली : साल ३६ आहे, पण आम्ही ३७ मध्ये आहोत.

नाण्यांच्या आपल्या अभ्यासकांना ही युक्ती नवी नाही. १८६२ सालचा राणीछाप रुपया १८७४ पर्यंत त्याच सालाने पडत राहिला, आणि मुंबई टांकसाळीच्या रुपयांवरचे ठिपके मोजून अभ्यासक खरे वर्ष काढतात. घरोघरी जपलेल्या '१८६२च्या' रुपयांपैकी कित्येक प्रत्यक्षात दहाबारा वर्षे धाकटे आहेत.

ओटावाचा ठिपका मात्र चक्रावून टाकणारा. २५ सेंटची ठिपक्याची नाणी दीड लाखाच्या आसपास पडली आणि ती आजही मिळतात. हिशेबाप्रमाणे ठिपक्याचे १ सेंट ६ लाख ७८ हजारांवर आणि १० सेंट १ लाख ९१ हजारांवर पडले. प्रत्यक्षात खरे म्हणून मान्य झालेले १ सेंट तीन, आणि १० सेंटही हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच. बाकीचे गेले कुठे? काही अभ्यासकांच्या मते डायमधले ठिपक्याचे भोक तेलकट मळाने लगेच बुजले आणि नाणी ठिपक्याविना, साध्या १९३६च्या रूपात, बाहेर पडली. तसे असेल तर ती आजही कुणाच्या डब्यात आहेत आणि ओळखण्याचा मार्ग उरलेला नाही. तीनही सेंट एके काळी जॉन जे पिटमन या अमेरिकी संग्राहकापाशी होते. त्यांपैकी एक २०१० मध्ये लिलावात चार लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. सेंटला इतकी किंमत आल्यावर कुणी सुईने ठिपका घालणार नाही तरच नवल. म्हणून इथे पुन्हा पहिला नियम : डायमधून आलेला ठिपका नाण्याच्या पृष्ठभागातून सलग उठलेला असतो. डकवलेल्या ठिपक्याच्या बुडाशी सांधा दिसतो, आणि भोवतालची धातू ढकलून उभा केलेला ठिपका आपल्या शेजारी खड्डा सोडतो.

आणि मग १९४७. सहाव्या जॉर्जच्या नाण्यांवर मजकूर होता तो असा : देवाच्या कृपेने राजा आणि हिंदुस्थानचा सम्राट. १५ ऑगस्टला त्यातला शेवटचा भाग खोटा झाला. राजाने किताब रीतसर सोडल्याची घोषणा २२ जून १९४८ची, पण नव्या वर्षाच्या नाण्यांवर तो किताब राहू शकत नव्हता. मजकूर बदलायचा म्हणजे राजाच्या बाजूची सगळी मूळ साधने नव्याने करायची, आणि ती करणार लंडन. १९४८ सुरू झाले, साधने आली नव्हती, आणि कॅनडाच्या बाजाराला सुटे पैसे हवे होते. १९४८ साल घालून हिंदुस्थानचा सम्राट छापणे शक्य नव्हते. ते उघड असत्य झाले असते. म्हणून ओटावाने साल मागेच ठेवले आणि त्यापुढे मेपलचे पान घातले. ३७ साली ठिपक्याने केले ते ४८ साली पानाने केले.

एक सेंटचे आकडे पाहिले तर हा विलंब किती मोठा होता ते कळते. १९४७ची साधी सेंट ३ कोटी १० लाखांवर, आणि पानाची ४ कोटी ३८ लाखांवर. हिंदुस्थानची सम्राटपदवी मिरवणारी ही सव्वाचारशे लाखांहून अधिक नाणी भारत स्वतंत्र झाल्यावर, आपली घटना समिती दिल्लीत बसलेली असताना, ओटावात पडत होती. अक्षरे डायवर होती आणि डाय बदलायला वेळ लागतो, एवढेच त्याचे कारण. नवी साधने १९४८ मध्ये उशिरा पोचली. त्यामुळे १९४८ साल असलेला चांदीचा डॉलर अवघा १८,७८० नगांचा, आणि संग्राहक त्याच्यामागे धावतात. त्यावर राजा फक्त देवाच्या कृपेने राजा आहे. मजकूर लहान झाल्याने डोक्याभोवतीची अक्षरे लांब झाली. 'देवाच्या कृपेने' हे शब्द, आधी दोन आद्याक्षरांत कोंबलेले, आता पूर्ण लिहिले गेले.

१९४७ ओळखताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. एक, पाच आणि पंचवीस सेंटच्या काही नाण्यांवर सातच्या पुढे पानाऐवजी ठिपका दिसतो. हा ३६च्या ठिपक्याचा भाऊ नव्हे. झिजलेल्या डायमधून कपची निघाल्याने तो उमटला असे मानतात. त्यामागे हुकूम नाही, निर्णय नाही. सूचींत त्यालाही जागा आणि किंमत मिळाली आहे, ती मला जरा जास्तच वाटते. दुसरे, ५० सेंटवर सातची शेपटी कुठे सरळ आहे, कुठे उजवीकडे वळलेली. वळलेला सात आणि पान दोन्ही एकत्र असलेले नाणे फारच थोडे मिळते, म्हणून पान दिसल्याबरोबर आनंदून न जाता सातकडे परत पाहावे. तिसरे, फार फिरलेल्या नाण्यावर पान झिजून नुसता उंचवटा उरतो आणि तो ठिपक्यासारखा भासतो. तिरप्या उजेडात त्याची कड पाहावी. पानाची कड कितीही झिजली तरी गोल होत नाही, ती कुठेतरी दातेरी राहतेच.

माझ्यापाशी असलेली पानाची दोन सेंट पुतण्याने टोरोंटोहून आणली, एका दुकानातल्या मिसळ नाण्यांच्या डब्यातून, चहाच्या कपाहून कमी पैशांत. एकाचे पान स्वच्छ आहे. दुसऱ्याचे सातला जवळजवळ चिकटल्यासारखे झिजले आहे, आणि राजाच्या डोक्यामागे 'इंड:' ही तीन अक्षरे मात्र अजून वाचता येतात.